लॉन लावायचंय? बी राहू द्या, मुळ्या टोचा

घरापुढे किंवा सोसायटीच्या मोकळ्या पट्ट्यात हिरवळ करायची ठरली की बहुतेक जण पहिल्यांदा ऑनलाइन बियांचं पाकीट मागवतात. त्या पाकिटांत बऱ्याचदा थंड हवेतली गवतं असतात, राय किंवा फेस्क्यू जातीची. डिसेंबरात पेरली तर आठवडाभरात सुंदर कोंब दिसतात आणि एप्रिलच्या उन्हात सगळं करपून जातं. हरळीचं बी आपल्या हवेत नीट उगवतं, पण ते इतकं बारीक असतं की एका जोराच्या सरीत वाहून खालच्या कोपऱ्यात गोळा होतं. उरलेल्यातलं काही मुंग्या नेतात. शेवटी मधे टक्कल आणि कोपऱ्यात झुबका.

शिवाय बागांत आणि मैदानांवर जी दाट, बुटकी हिरवळ आपल्याला आवडते तिच्यातल्या अनेक जातींचं बी मिळतच नाही. टिफवे ४१९ हे जगभर मैदानांवर वापरलं जाणारं गवत दोन वेगळ्या हरळींचा संकर आहे, आणि ते वांझ असतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने ते १९६० साली प्रसारित केलं. याच बर्टन यांच्या टिफ्ट २३-ए या बाजरीच्या वाणावरून १९६५ मध्ये भारतात एच. बी. १ ही पहिली संकरित बाजरी आली. गोल्फचं गवत आणि आपली भाकरी एकाच माणसाच्या वाफ्यातून गेलेली आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. असो. मुद्दा असा, की असं गवत मुळ्यांवरूनच, म्हणजे मूळ फुटणाऱ्या कांड्या किंवा लहान ठोकळे लावूनच वाढवतात, आणि घरच्या लॉनलाही तीच रीत सोयीची पडते.

बी न वापरता लॉन करायचे तीन मार्ग आहेत: मुळ्या टोचणे, कांड्या शेणमातीच्या काल्यातून पसरणे आणि तयार कार्पेट, म्हणजे मातीसकट उचललेले गवताचे तुकडे, अंथरणे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात एक पावसाळा असेल तर मुळ्याच टोचा, आणि कार्पेटचे वाचलेले पैसे खालच्या मातीत घाला. लॉन बिघडतं ते बहुतेक वेळा खालून बिघडतं.

आधी ऊन आणि पाणी बघा

जागेवर दिवसभरात किती तास थेट ऊन पडतं ते मोजा. हरळीच्या जातींना सहा तास तरी हवेत. त्याहून कमी, म्हणजे चार-पाच तास असतील तर झोयसिया गटातलं गवत तग धरतं. आंब्याखाली, फणसाखाली किंवा दोन इमारतींच्या मधल्या बोळात लॉनचा नाद सोडा. तिथे सावलीतली झाडं लावा किंवा सरळ लाद्या घाला.

पाण्याचा हिशोब मे महिन्याचा करा, ऑगस्टचा नको. उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे १०० चौरस फुटांना रोज सुमारे ४६ लिटर, आणि ५०० चौरस फुटांना २३० लिटर. मे महिन्यात तुमची बोअर किंवा टाकी एवढं रोज देऊ शकते का? उत्तर डळमळीत असेल तर लॉन लहान करा आणि उरलेल्या जागेत कमी पाण्याची झुडपं लावा. दीडशे चौरस फुटांचं तजेलदार लॉन हजार फुटांच्या पिवळ्या पट्ट्यापेक्षा कधीही बरं.

कोणतं गवत घ्यायचं

नर्सरीत साधारण तीन नावं ऐकायला येतील. सिलेक्शन नंबर वन हे हरळीच्या जातीचं: भराभर पसरतं, तुडवलं तरी उठतं, पण सारखं कापावं लागतं आणि सावलीत विरळ होतं. मुलं खेळणार असतील, कुत्रा असेल, तर हेच. मेक्सिकन म्हणून विकलं जातं ते झोयसिया गटातलं: पातं जरा रुंद, वाढ सावकाश, कापणी कमी. कोरियन हेही झोयसियाच, पातं केसासारखं बारीक. न कापता सोडलं की त्याचे मऊ उंचवटे तयार होतात. बघायला छान, पण त्यावर रोज चालायचं नाही.

पहिलंच लॉन असेल तर सिलेक्शन किंवा मेक्सिकन यांतलं एक घ्या. दोन्ही मिसळू नका. जे जोरात पसरतं ते दुसऱ्याला झाकून टाकतं आणि मधे ठिगळं दिसत राहतात.

पुण्याच्या आसपास राहत असाल तर सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचन भागात रांगेने नर्सऱ्या आहेत. तिथे फोनवर ऑर्डर देण्यापेक्षा स्वतः जा आणि गवताचा तुकडा उलटून बघा. मुळ्या पांढऱ्या, घट्ट विणलेल्या हव्यात. पात्यांच्या मधे तीन कडांचा दांडा दिसला तर तो लव्हाळा. दांडा दोन बोटांत फिरवला की कडा लगेच जाणवतात. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वीस रुपये वाचवून घरात लव्हाळा आणला तर पुढची पाच वर्षं खुरपं हातात राहील.

जमीन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नव्या बांधकामाच्या आवारात वरची दोन इंच लाल माती चाळवली की खाली राडारोडा निघतो: प्लास्टरचे ढेप, लाद्यांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या. हा सगळा नऊ इंच ते फूटभर खोदून बाहेर काढा. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि गवत कितीही खत दिलं तरी फिकट पिवळं राहतं.

माती ब्रासच्या हिशोबाने मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ३०० चौरस फुटांवर चार इंच जाडीचा थर द्यायला बरोबर एक ब्रास लागते. माती बसते, त्यामुळे थोडी जास्तच मागवा. पोयटा, म्हणजे गाळाची भुसभुशीत माती मिळाली तर उत्तम. काळी चिकण माती असेल तर तिच्यात दोन-चार घमेली वाळू टाकून काही साधत नाही, त्यापेक्षा शेणखत भरपूर घाला. प्रमाण १०० चौरस फुटांना ४० ते ५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट. खत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल, गरम लागत असेल, तर ते कुजलेलं नाही. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात. खत पसरताना पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर ते वापरू नका. खत चाळून घेतलंत तर अळ्या वेचता येतात.

सपाटीसाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका, दोऱ्या ताणा. घराच्या भिंतीपासून बाहेर उतार द्या: दहा फुटाला एक ते सव्वा इंच. एवढा उतार डोळ्याला दिसत नाही, पण पाणी त्याला ओळखतं. माती ओढायला दंताळं, आणि शेवटी एक लांब सरळ फळी फिरवा. फळीखाली उजेड दिसला की तिथे खड्डा आहे. मुळ्या टोचायच्या असतील तर तयार माती कडेच्या लाद्यांपेक्षा एक इंच खाली ठेवा. कार्पेट अंथरायचं असेल तर त्याच्या जाडीइतकी खाली.

आता थांबा. लोक इथेच घाई करतात. माती भरपूर भिजवा आणि दोन-तीन आठवडे सोडून द्या. माती बसेल, खड्डे दिसतील, आणि मुख्य म्हणजे तण उगवेल. लव्हाळा ओढून काढायचा नसतो. ओढला की पात हातात येते आणि जमिनीत दोऱ्यासारखी मुळी तुटून काळी गाठ मागे राहते. महिन्याभरात त्या गाठीपासून नवा फुटवा. खुरप्याने शेजारची माती मोकळी करा, दोऱ्याचा माग काढत गाठीपर्यंत जा, मग उचला. त्याच दोऱ्याला पुढे बहुतेक दुसरी गाठ असते. पुन्हा पाणी द्या, पुन्हा वाट बघा, पुन्हा काढा. दोनदा केलंत तर पुढचं काम निम्म्यावर येतं.

हे काम एप्रिल-मेमध्ये करत असाल तर ओल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करा आणि चार ते सहा आठवडे ठेवा. आतल्या उष्णतेने वरच्या थरातलं बरंच बी मरतं. लव्हाळ्याची गाठ मात्र चिवट, ती हातानेच काढावी लागते.

मुळ्या टोचणे

माळी याला डिबलिंग म्हणतात. देशावर आणि विदर्भात पहिले दोन-तीन पाऊस होऊन गेले की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टपर्यंत हे करावं. कोकण-गोव्यात जुलैचा पाऊस नव्या मुळ्या वाहून नेतो, म्हणून तिथे ऑगस्टअखेर सुरुवात करा. नोव्हेंबर ते जानेवारी टाळा, थंडीत ही गवतं जवळजवळ झोपलेली असतात.

गवत किती लागेल? कार्पेटचा एक चौरस फूट तुकडा दोन-दोन इंचाचे चौकोन करून कापला तर ३६ ठोकळे होतात. हे ठोकळे सहा-सहा इंचांवर लावले तर एका चौरस फुटात चार बसतात. म्हणजे एक फूट कार्पेटमध्ये नऊ फूट लॉन. ३०० चौरस फुटांसाठी ३४ चौरस फूट घ्यावं लागेल, थोडं वाया जाईल म्हणून ४० धरा. ठोकळे लावणं सोपं आणि नवख्यांसाठी खात्रीचं. मेक्सिकनसारख्या सावकाश वाढणाऱ्या गवताला मी हीच पद्धत सुचवतो, पण अंतर चार इंच ठेवा.

सिलेक्शनला मात्र सुट्या कांड्या जास्त परवडतात. कार्पेटचा तुकडा पाण्याच्या घमेल्यात बुडवून माती सोडवा. गवताचे धावते दांडे वेगळे होतील. प्रत्येक दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने पेर असतं, आणि मूळ व फुटवा दोन्ही त्या पेरातूनच निघतात. तीन-चार इंचांच्या, दोन-तीन पेरं असलेल्या कांड्या कापा. कापलेल्या कांड्या लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. तासभर उन्हात राहिल्या तर दिसायला हिरव्या असतात, पण पेरं सुकलेली असतात. जेवढं दोन-तीन तासांत टोचून होईल तेवढंच कापा.

माती वाफशावर हवी: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटाने ढकलला तर फुटावा. चिखलात टोचलेली कांडी सडते, कोरड्या मातीत वाळते. दोरी लावून चार इंचांच्या ओळी धरा. एका ओळीतली कांडी पुढच्या ओळीतल्या दोन कांड्यांच्या मधे यावी. बोटाने किंवा टोकदार काडीने तिरकं भोक पाडा, निदान एक पेर, शक्यतो दोन, मातीत जाऊ द्या, पात्यांचा शेंडा वर राहू द्या, आणि अंगठ्याने माती घट्ट दाबा. मग कांडी हलकेच ओढून पाहा. सहज वर आली तर दाबणं कमी पडलं. आत हवा राहिली की मूळ धरत नाही, आणि नवख्यांच्या कांड्या मरतात त्या बहुतेक याच कारणाने.

चार इंच अंतराने एका चौरस फुटात नऊ कांड्या बसतात, म्हणजे ३०० फुटांत २७००. आकडा मोठा वाटतो, पण घरातली चार माणसं एका रविवारी सकाळी बसली की दुपारपर्यंत बरंच उरकतं. फळीवर बसून मागे सरकत जा, म्हणजे टोचलेलं तुडवलं जाणार नाही. जेवढा भाग झाला तेवढ्यावर लगेच झारीने पाणी घाला. पाइपची सरळ धार नको.

पहिल्या आठवड्यात सगळं पिवळं पडेल. बायको, शेजारी, वॉचमन, सगळे सांगतील की मेलं. आठ-दहा दिवसांनी जमिनीलगत पेरातून हिरवं टोक निघतं, तोवर उपटून बघू नका.

शेणमातीचा काला

मोठी जागा आणि कमी मजूर असेल तर हा जुना उपाय. दोन घमेली चाळलेली माती, एक घमेलं ताजं शेण आणि पाणी घालून भज्याच्या पिठाइतपत घट्ट काला करा. त्यात दोन-तीन इंचांच्या कांड्या भरपूर मिसळा. ओल्या जमिनीवर इंचभर जाडीने पसरा आणि वरून अर्धा इंच चाळलेली माती भुरभुरा. पाणी फवाऱ्यानेच. वेळ ऐन मुसळधार पावसाची नको, नाहीतर शेजाऱ्याच्या गटारात लॉन उगवेल. उतारावर ही पद्धत वापरू नका. आणि पहिले काही दिवस वास येतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कार्पेट

लग्न, वास्तुशांत, भाडेकरू येणार, अशी तारीख ठरलेली असेल तर कार्पेटच घ्यावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्येही जमतं, पाणी भरपूर हवं. पण जमिनीची वर सांगितलेली सगळी तयारी तशीच करायची. नर्सरीचा माणूस म्हणेल, "आहे त्याच्यावर टाकून देतो साहेब, चिकटेल." चिकटतं, दोन महिने.

माल सकाळी उतरवून घ्या आणि त्याच दिवशी अंथरा. थप्पीत ठेवलेलं गवत आतून तापतं आणि पिवळं पडतं. माती आधी ओली करा. सुरुवात सरळ कडेपासून, म्हणजे लादीच्या किंवा भिंतीच्या रेषेपासून. विटांच्या बांधकामात सांधा मोडतात तसे तुकडे पुढेमागे ठेवा. दोन तुकडे एकमेकांना घट्ट भिडवा, पण ताणू नका. ताणलेला तुकडा वाळताना आक्रसतो आणि फट पडते. फटी चाळलेल्या मातीने भरा. रोलर नसेल तर धुम्मसाने हलकं ठोका किंवा फळी टाकून तिच्यावर चाला. मग इतकं पाणी द्या की तुकडा उचलला तर खालची मातीही ओली दिसेल. हे खरंच उचलून बघा. वरून हिरवं चिंब आणि खाली कोरडं, असं फार वेळा असतं.

दहा-बारा दिवसांनी एखादा कोपरा हळूच ओढा. प्रतिकार जाणवला तर मुळ्या उतरल्या. तोवर त्यावर खुर्च्या मांडू नका.

पुढचे तीन महिने

पाऊस नसेल तेव्हा पहिले पंधरा दिवस दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं पाणी. त्यानंतर उलटं: कमी वेळा, पण खोल. रोज शिंपडलेल्या लॉनच्या मुळ्या वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात ते कोमेजतं. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहून बुरशीला आमंत्रण मिळतं.

महिन्याने १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम युरिया, चाळलेल्या मातीत मिसळून, कोरड्या पानांवर, आणि लगेच पाणी. मूठभर युरिया एका जागी पडला की तिथे जळका डाग पडतो.

सहा आठवड्यांच्या सुमारास गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कापणी. कात्रीने किंवा हातमशीनने, वरचा एक तृतीयांशच. शेंडा कापला की गवत आडवं पसरतं, म्हणून जागा भरायच्या आधीच कापणी सुरू करायची. पाती बोथट असतील तर टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं लॉन करडं दिसतं. सिलेक्शन तीन महिन्यांत जागा भरतं. झोयसियाला सहा महिने, कधी त्याहून जास्त द्या.

चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. हिराकस (फेरस सल्फेट) पाच ग्रॅम प्रति लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी फवारा. लाद्यांवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मैना आणि कावळे लॉन उकरताना दिसले तर त्यांना हाकलू नका. त्या जागी गवत धरून वर ओढा. चटईसारखं सुटून हातात आलं तर खाली हुमणी मुळ्या खातेय. तेवढा भाग उलटा, अळ्या वेचा, निंबोळी पेंड मिसळलेली नवी माती भरा, आणि लॉनच्या दाट कडेने दोन इंचाचे ठोकळे काढून तिथे लावा.